अज्ञानाच्या नावाचा वाडा

बंगळुरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाकडे पहिल्या सहा महिन्यांत निदान चार पाहुणे येतात, आणि त्या चौघांना शहर दाखविणे हे त्याच्या नोकरीत न लिहिलेले एक कर्तव्यच होऊन बसते. आम्हीही ते अनेकदा बजावले आहे. सकाळी जुन्या पेठेतील एखाद्या गजबजलेल्या रस्त्यावर उभे राहून, ‘येथेच कोठेतरी शहाजीराजांचा वाडा होता’ असे सांगावयाचे. वाड्याचा एक चिराही दाखविता येत नाही म्हणून सर्वांनी मिळून एक सुस्कारा टाकावयाचा. आणि मग दुपारी वसंतनगरातील राजवाड्याकडे मोटार वळवावयाची. तेथे मात्र दाखविण्यासारखे पुष्कळ आहे. कंगोऱ्यांचे बुरूज, टोकदार कमानी, भिंतींवर चढलेल्या वेली, आत लाकडी कोरीवकाम आणि रंगीत काचा. पाहुणे आ वासून पाहतात आणि आम्ही त्यांना ती ठरलेली गोष्ट सांगतो: ‘म्हैसूरचे महाराज विलायतेस गेले, त्यांना विंडसरचा किल्ला आवडला, आणि त्यांनी त्याची ही हुबेहूब प्रतिकृती येथे उभारली.’

ही गोष्ट आम्ही स्वतः किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. आज आमचे भांडण आहे ते या गोष्टीशीच, आणि ती सांगणाऱ्या आमच्याशी.

भांडणास फार मोठे साहित्य लागत नाही. साधी वजाबाकी पुरते. ज्या महाराजांच्या नावावर ही गोष्ट खपविली जाते ते चामराजेंद्र वडियार १८६३ साली जन्मले. ही वास्तू त्यांच्यासाठी विकत घेतली गेली १८७३ साली. म्हणजे खरेदीच्या वर्षी खरेदीदाराचे वय होते दहा. पुढे ते कोठे गेले आणि त्यांना काय आवडले हा प्रश्न येथे अप्रस्तुत आहे. दहा वर्षांचे मूल विलायतेचा किल्ला पाहून भारावते आणि घराचा सौदा करते, ही कल्पना ज्याला पटेल त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मग हा सौदा केला कोणी? विकणारे होते रेव्हरंड जॉन गॅरेट. हे वेस्लियन मिशनचे पाद्री; बंगळूरच्या सेंट्रल हायस्कूलचे, म्हणजे आजच्या सेंट्रल कॉलेजचे, पहिले मुख्याध्यापक. माणूस सामान्य नव्हता. १८४९ साली भगवद्गीतेची संस्कृत, कानडी आणि इंग्रजी अशी त्रैभाषिक आवृत्ती त्याने बंगळुरातून काढली होती. दिवसा कानडी मुद्रिते तपासणाऱ्या या गृहस्थाने स्वतःच्या राहण्यासाठी मात्र मायभूमीतील जमीनदारांच्या खेडेगावच्या हवेलीचा थाट निवडला. यात आम्हांस काहीच गैर वाटत नाही. परमुलखात आयुष्य घालविणारा माणूस आपल्या अंगणात आपल्या गावची आठवण लावतो. आम्हीही बंगळुरात तुळशीवृंदावने बांधलीच आहेत.

विकत घेणारे कोण ते पाहिले म्हणजे गोष्ट बदलते. म्हैसूरचा कारभार १८३१ पासून इंग्रजांच्या हाती होता. वृद्ध कृष्णराज वडियार (तिसरे) १८६८ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी दत्तक घेतलेले चामराजेंद्र पाच वर्षांचे होते. त्यांना गादीवर बसविण्यात आले. कारभार आयुक्ताकडे राहिला आणि शिक्षण व संगोपन इंग्रज पालकाकडे गेले. १८६९ ते १८७७ या काळात हे पालकत्व कर्नल जॉर्ज ब्रूस मॅलेसन यांच्याकडे होते. हिंदुस्थानातील फ्रेंचांचा इतिहास लिहिणारे ते हेच मॅलेसन. मुख्य आयुक्त होते कर्नल रिचर्ड मीड. राजाला राजधानीपासून दूर, छावणीच्या आणि कचेऱ्यांच्या जवळ ठेवून शिकवावयाचे, तर बंगळुरात जागा हवी. म्हणून चाळीस हजार रुपयांस गॅरेटसाहेबांची मिळकत घेतली गेली, आणि ते पैसे अल्पवयी राजाच्या खासगी निधीतून देण्यात आले. १८७४ पासून पुढली काही वर्षे तिचे वाढीव बांधकाम व सजावट चालली.

विकणारा इंग्रज, घेणारा इंग्रज, जागा निवडणारा इंग्रज, आराखड्यास मान्यता देणाराही इंग्रज. त्या संपूर्ण व्यवहारात म्हैसूरचे म्हणून जे काही होते ते दोनच: जमीन आणि पैसा.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी महसूल खात्यात उमेदवारी केली असेल. सातबाऱ्यावर एखाद्या पोरक्या मुलाच्या नावापुढे ‘अ. पा. क.’ ही तीन अक्षरे आली की जुना तलाठीसुद्धा चष्मा नीट करतो, हे त्यांना ठाऊक आहे. अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या मराठीने अल्पवयी मुलाला ‘अज्ञान’ म्हटले आहे आणि वयात आलेल्याला ‘सज्ञान’. हे शब्द काहीसे कठोर आहेत. परंतु त्यांतील व्यवहारज्ञान सोळा आणे खरे आहे. अज्ञानाच्या पैशातून पालनकर्त्याने आपल्याच बिरादरीतील माणसाची मिळकत घेतली, तर मामलेदार निदान एक प्रश्न तरी विचारतो. बंगळुरात तो प्रश्न विचारावयाचा कोणी? मामलेदारही तेच होते.

येथे न्यायाची भाषा सोडावयाची नाही, म्हणून स्पष्ट सांगतो: आमचा आरोप अफरातफरीचा नाही. चाळीस हजार ही किंमत त्या काळी वाजवीही असेल. गॅरेट लबाड होते किंवा मॅलेसन लाचखाऊ होते, असे म्हणावयास आमच्यापाशी तिळमात्र आधार नाही आणि तशी इच्छाही नाही. आमची तक्रार निराळी आहे. पालकाने आपल्या आवडीचे घर अज्ञानाच्या पैशाने घेतले, येथवर इतिहास झाला. पण त्यानंतर दीडशे वर्षे आपण सर्वांनी मिळून ती आवड अज्ञानाच्याच माथी मारली, ही लबाडी मात्र आपली आहे. ‘महाराजांना विंडसर आवडले’ या तीन शब्दांत आयुक्त गेला, पालक गेला, पाद्री गेला. उरला तो एक हौशी, विलायतवेडा, उधळ्या राजा. पराधीनतेचे रूपांतर शौकात करून टाकावयास इतकी सोपी युक्ती दुसरी नसेल.

कोणी म्हणेल, एका म्हैसूरच्या वाड्यावरून इतका मोठा निष्कर्ष काढू नये. म्हणून आपल्या घरच्या दोन वाड्यांकडे वळू या. कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला गेला १८७७ ते १८८४ या काळात, मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार. बडोद्याचा लक्ष्मीविलास मँट यांच्याच आराखड्याने सुरू झाला. १८८१ मध्ये ते निवर्तल्यावर रॉबर्ट चिझम यांनी पुढे नेला आणि १८९० मध्ये तो पुरा झाला. आता या वाड्यांचे मालक पाहा. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज जन्मले १८६३ साली. बडोद्याचे सयाजीराव जन्मले १८६३ साली. आणि आमचे बंगळूरचे चामराजेंद्र, हे वर सांगितलेच आहे, १८६३ सालचेच. तिघेही दत्तक, तिघांचेही बालपण इंग्रजी देखरेखीखाली. सयाजीरावांना आणि चामराजेंद्रांना अधिकार मिळाले तेही एकाच वर्षी, १८८१ साली. तिन्ही वाड्यांचा पाया पडला किंवा व्यवहार झाला तो मालक अज्ञान असताना.

या योगायोगात आणखी एक धागा आहे, आणि तो मराठी वाचकाने तरी विसरू नये. १८७३ साली बंगळुरास मुख्य आयुक्त असलेले रिचर्ड मीड यांनाच त्याच साली मल्हारराव गायकवाडांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी बडोद्यास धाडण्यात आले. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले, कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा गादीवर बसला, तेव्हाही बडोद्यात सरकारचे प्रतिनिधी मीडच होते. आणि १८५९ च्या एप्रिलात शिप्रीच्या छावणीत तात्या टोपे यांना ज्यांच्या फौजेने पकडून आणले व फाशी दिले, तेही हेच मीड. बंगळूरचे कब्बन पार्क आखले गेले १८७० साली, तेव्हा त्याचे नाव ‘मीड्‌स पार्क’ होते. पुढे त्याला कब्बनचे नाव मिळाले. १९२७ मध्ये सरकारी कागदावर ते ‘श्री चामराजेंद्र पार्क’ झाले. लोक अजून कब्बन पार्कच म्हणतात. म्हणजे वाडा इंग्रजांनी निवडला तर नाव राजाचे चिकटले, आणि बाग राजाच्या नावे केली तर नाव इंग्रजाचे टिकले! आमच्यापैकी कितीतरी जण रविवारी सकाळी त्या बागेत फिरावयास जातात. आपण कोणाच्या पावलांवरून चालतो याची खबर आम्हांसही पुष्कळ वर्षे नव्हती.

कोल्हापूरची कथा तर सांगताना लेखणी अडते. वाड्याचे काम चालू असताना मालकास वेड लागले असे ठरविण्यात आले. ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे यांच्यावर टीका केली; ज्या पत्रांच्या आधारे ती केली ती बनावट ठरली; टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये त्यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. संपादक चुकले, हे त्यांनीच मान्य केले. परंतु ज्या तरुणासाठी ते चुकले त्याचे काय झाले? १८८३ च्या २५ डिसेंबरला अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, नजरकैदेत, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, तो मरण पावला. वय वीस वर्षांचे. पुढल्याच साली वाडा पुरा झाला. तो अष्टकोनी घड्याळाचा मनोरा पाहून ‘काय ही राजांची हौस!’ असे म्हणणाऱ्याने क्षणभर थांबून विचारावे: कोणत्या राजाची?

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोल्हापूर व बडोदे येथील वाड्यांचा वेष इंग्रजी नाही; त्यांवर घुमट आहेत, छत्र्या आहेत, जाळ्या आहेत, देशी शिल्पाची मुबलक उसनवारी आहे. म्हणून ‘परकी शैली विरुद्ध देशी शैली’ असा हा वादच नव्हे. तसा वाद केला तर आपण आणखी एका फसव्या रस्त्याला लागू. नक्कल हा काही गुन्हा नाही. ज्या विंडसरची नक्कल म्हणून बंगळूरच्या वाड्यास हिणवितात किंवा मिरवितात, त्या विंडसरचेही आजचे मध्ययुगीन रूप बऱ्याच अंशी १८२४ नंतर जेफ्री वायटव्हिल यांनी चौथ्या जॉर्ज राजासाठी चढविलेले आहे. नक्कल उलट दिशेनेही झाली. कंपनीच्या चाकरीत धनवान झालेले चार्ल्स कॉकरेल यांनी इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये सेझिनकोट येथे मोगली घुमटाची हवेली उभारली. परंतु कॉकरेलसाहेबांनी घुमट स्वतः निवडला. त्यांच्या पैशाने, त्यांच्या जमिनीवर, वयाच्या भर प्रौढपणी. चामराजेंद्रांच्या बुरुजांविषयी यांतले एक तरी वाक्य म्हणता येईल काय? दगड सारखेच, किल्ली कोणाच्या कमरेला होती, एवढाच भेद, आणि सारा इतिहास त्या भेदात आहे.

वेल्समधील पॉविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा फुलाफुलांच्या छिटाचा तंबू आहे. श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडल्यावर तो मद्रासचे गव्हर्नर एडवर्ड क्लाइव्ह यांच्या घराण्याकडे गेला आणि पुढे किल्ल्याच्या बागेत मेजवान्यांचा मांडव म्हणून वापरला गेला. म्हैसूरच्या राजाचा तंबू इंग्रजी किल्ल्यात, आणि पाऊणशे वर्षांनी म्हैसूरच्या राजासाठी इंग्रजी किल्ला बंगळुरात. दोन्हीही वेळा म्हैसूरला विचारले नव्हते.

आता दुसरा आक्षेप. अज्ञान राजे पुढे सज्ञान झाले. चामराजेंद्रांनी १८८१ मध्ये प्रजाप्रतिनिधी सभा भरविली, सयाजीरावांनी तर सक्तीच्या शिक्षणापासून ग्रंथालयांपर्यंत असे राज्य केले की त्यास तोड नाही. मग बालपणीचे हे रडगाणे कशास? आक्षेप वजनदार आहे, आणि आम्ही तो आमच्या बाजूचा साक्षीदार म्हणूनच बोलावतो. हे पुरुष इतके कर्ते होते, म्हणूनच त्यांना आवडीनिवडीच्या बाबतीत बाहुले ठरविणारी दंतकथा अधिक संतापजनक आहे. शिवाय अज्ञानाच्या कारकिर्दीतही दुसऱ्या रीतीचे पालकत्व असू शकते, याचा दाखला म्हैसूरमध्येच आहे. चामराजेंद्र १८९४ मध्ये वारले तेव्हा त्यांचे पुत्र कृष्णराज (चौथे) दहा वर्षांचे होते, म्हणजे वडिलांचे १८७३ साली होते तितक्याच वयाचे. या खेपेस राज्यपालनाचे काम आई, महाराणी वाणीविलास यांच्याकडे आले. १८९७ मध्ये म्हैसूरचा जुना लाकडी वाडा जळाला. आणि त्याच जागी, दसऱ्याचा दरबार भरविता येईल असा नवा वाडा उभारण्याचे काम त्यांच्या अमदानीत सुरू झाले. शिल्पज्ञ हेन्री आयर्विन हे इंग्रजच. पण घर कोणत्या जागी, कशासाठी आणि कोणत्या रिवाजासाठी, हे घरच्यांनी ठरविले. म्हणून दसऱ्याला लोक म्हैसूरच्या वाड्यापुढे जमतात. आणि बंगळूरच्या वाड्याकडे तिकीट काढून जातात.

येथवर इंग्रजांची झडती घेतली. ती सोपी होती. आता आपली. परप्रांतात नोकरी करणारा मराठी अधिकारी ही काही आजची वस्तू नव्हे. सयाजीरावांच्या अज्ञानकाळात बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव होते: कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठे, त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी करून आलेले, नेकीने वागणारे, कर्तबगार. कोल्हापूरच्या कारभाऱ्याचे नाव वर आलेच आहे. म्हणजे अज्ञानाच्या वतीने सही करणाऱ्यांत आपलीही माणसे होती. आणि आज? आम्ही ज्या टेबलांमागे बसतो त्यांवरून दररोज कोणाच्या तरी वतीने काही तरी ठरते. धरणाखाली जाणारे गाव, रस्त्यात येणारी झोपडी, बदलावयाची पेठ: ज्यांचे ते आहे त्यांस बहुधा विचारले जात नाही, ‘व्यापक हिताच्या दृष्टीने’ असे एक वाक्य घालून आपण त्यांना अज्ञान ठरवितो आणि स्वतःस पालनकर्ते. चाळीस वर्षांनी कोणी विचारले तर फाईल सांगेल की हे लोकांच्याच मागणीवरून झाले. विंडसरची दंतकथा जन्मते ती अशी, कचेरीत. वाटाड्याच्या तोंडी ती नंतर येते. ती आम्हांस इतकी गोड का वाटते, याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. तिने पालकाची सुटका होते, आणि आम्ही पालकांच्या जातीचे आहोत.

वाड्याच्या पुढल्या इतिहासातही हीच गाठ आहे. १९९६ मध्ये कर्नाटक शासनाने कायदा करून सुमारे ४७२ एकर आवारासह हा वाडा सार्वजनिक हितासाठी घेण्याचे ठरविले. मोबदला अकरा कोटी रुपये. राजघराणे न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले आणि पाव शतकाहून अधिक काळ तेथेच राहिले. २०२४ च्या डिसेंबरात रस्ता रुंद करण्यासाठी लागणाऱ्या सुमारे पंधरा एकरांच्या मोबदल्याचा हुकूम झाला तेव्हा त्याची किंमत तीन हजार कोटींच्या वर जाते, असा हिशेब शासनाने मांडला आणि २०२५ च्या आरंभी वटहुकूम काढला. चाळीस हजार, अकरा कोटी, पंधरा एकरांचे तीन हजार कोटी! या तिन्ही आकड्यांत कोणता न्याय्य हे ठरविणे न्यायाधीशांचे काम आहे. आम्ही कोणाचीच वकिली करीत नाही. एवढेच म्हणतो की, जो वाडा आपला आहे असे एक पक्ष वारशाने म्हणतो आणि दुसरा जनतेच्या नावाने, त्याच्या पहिल्या खरेदीखताची गोष्ट तरी दोघांनी मिळून खरी सांगावी.

हे अशक्य नाही. ज्या देशातून हा घराचा नमुना आला त्या देशाने हे करून पाहिले आहे. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ताब्यातील ९३ वास्तूंचा वसाहतींशी आणि गुलामांच्या व्यापाराशी काय संबंध होता याचा अहवाल छापला. त्यात पॉविसही आहे. तेथे आरडाओरडा झाला, ट्रस्टवर शिव्यांचा पाऊस पडला. पण अहवाल मागे घेतला गेला नाही आणि किल्लेही कोसळले नाहीत. लुटीचा माल ज्यांच्या दिवाणखान्यात आहे त्यांना हिशेब मांडण्याचे धैर्य होते, आणि ज्यांचा माल गेला त्यांनी मात्र ‘आमच्या राजास फार हौस होती’ म्हणून हसावे, हे शोभत नाही.

शहाजीराजांच्या वाड्यासाठी टाकलेला आमचा सुस्काराही याच तराजूत घातला पाहिजे. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने हे शहर केंपेगौडांच्या घराण्याकडून घेतले आणि मग ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ मध्ये मोगलांच्या कासिमखानाकडून ते तीन लाख रुपयांस चिक्कदेवराज वडियारांकडे गेले. त्या सौद्यातही शहरास कोणी विचारले नव्हते, आणि आपण मालक होतो तेव्हाही विचारले नव्हते. वाडा गेला याचे दुःख करीत बसण्यापेक्षा जे उरले आहे ते वाचावे. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळात १६६९ सालचा एक शिलालेख आहे. त्यात व्यंकोजीराजांनी देवास एक गाव दिल्याची नोंद आहे: कोणी दिले, काय दिले, कोणास दिले. बुरूज नाहीत, रंगीत काचा नाहीत, नुसता हिशेब. साडेतीनशे वर्षे तो उभा आहे.

पुढच्या खेपेस पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी तो दगड दाखविणार आहोत आणि मग वाडा. वाड्यासमोर उभे राहून सांगणार आहोत: ‘हे घर एका पाद्र्याने स्वतःसाठी बांधले. एका कर्नलाने ते विकत घेतले. पैसे एका दहा वर्षांच्या मुलाचे होते.’ पाहुण्यांचा थोडा हिरमोड होईल. विंडसरची गोष्ट अधिक रंजक आहे, हे कबूल. पण त्या पाहुण्यांबरोबर बहुधा एखादे दहा वर्षांचे मूल असेलच. त्याच्याकडे बोट दाखवून ‘एवढा होता’ म्हटले की पुरे. पुढचे त्याचे त्यालाच कळेल.